दोन आखूड, एक लांब

शिट्टी वाजली की खाली बसायचं, एवढं एकच शिक्षण आमच्या खाणीत सगळ्यांना सारखं मिळालं. बाकी शिक्षणाच्या नावाने आनंदच होता. ज्याला स्वतःची सही करता येते त्याला आम्ही वकील म्हणायचो.

शिट्टी मी वाजवते. माझा नवरा सुरुंग लावायचा, आणि सुरुंग लावणारे सहसा म्हातारे होत नाहीत, तसा तोही झाला नाही. भरपाई म्हणून मालकाने मला त्याची शिट्टी आणि सुरुंगाच्या सामानाच्या खोलीची किल्ली दिली, आणि वर म्हणाला की बसल्या जागी काम देतोय, उपकार मान. शिट्टी आणि किल्ली एकाच दोरीत ओवून मी गळ्यात घालते. लोक मला शिट्टीताई म्हणतात. एक लांब शिट्टी म्हणजे हातातलं टाका आणि आडोशाच्या भिंतीमागे पळा. दोन आखूड म्हणजे पळायला वेळ नाही, असाल तिथे बसा, डोकं गुडघ्यांत, हात मानेवर. मग धमाका. मग तीन आखूड, म्हणजे उठा, वाचलात.

हे आमच्या अंगात इतकं मुरलंय की विचारू नका. एका लग्नात कुठल्याशा कार्ट्याने खेळण्यातली शिट्टी दोनदा फुंकली, तर अख्खं वऱ्हाड नवरदेवासकट जागच्या जागी बसलं. नवरी शहरातली, ती एकटीच उभी राहून बघत होती. सासू नंतर चारचौघांत म्हणाली, "हिला माहेरी काही शिकवलेलंच नाही." तालुक्याच्या चौकात वाहतूक पोलिसाने शिट्टी मारली आणि आमचा एक जण भर रस्त्यात बसला, त्याला वेडा समजून दिवसभर चौकीत ठेवलं होतं.

खाणीच्या वरच्या अंगाला आमची वस्ती, खालच्या अंगाला त्यांची. म्हणून आम्ही वरचे, ते खालचे. देव वेगळा, घरात बोलायची भाषा वेगळी, मेल्यावर न्यायची वाट वेगळी. धूळ तेवढी एक. वरच्यांनी दगडात भोकं पाडायची आणि खालच्यांनी दगड फोडून भरायचे, हे मालकाच्या वडिलांनी ठरवून दिलेलं. हेतू एवढाच की दोघांचे डबे एका जागी उघडू नयेत. मालक दोन्ही देवांना फुकट दगड द्यायचा आणि दोन्हीकडच्यांच्या कानात सांगायचा की तुम्हाला दोन गाड्या जास्त टाकल्यात. दोन्हीकडचे खूश. त्याच्या स्वतःच्या घरात जिन्यापासून न्हाणीघरापर्यंत आमच्या खाणीची फरशी, आणि आमच्या घरांत पायाखाली माती. दगड फोडणाऱ्याच्या घरात दगड नाही, असं मी एकदा त्याच्या तोंडावर बोलले. तर म्हणाला, "ताई, मातीवर पाय गार राहतात." मी त्याला म्हणाले, मग आपण अदलाबदल करू. तेव्हापासून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं.

खाणीचा परवाना नगरपरिषद देते, आणि परिषदेतली आमच्या भागाची जागा कायम मालकाच्या मेव्हण्याची; खाणीबाबत परिषद त्याच्याच शब्दाने चालायची. तो वरचा, म्हणून वरचे त्याला मत द्यायचे. खालचे आपली मतं आपल्यातल्या दोन-तीन जणांत वाटून टाकायचे, आणि ते दोन-तीन जणही मालकाच्याच पैशाने उभे असायचे. लोकशाही म्हणजे आपापल्या जातभाईच्या हातून लुबाडून घ्यायचं, अशीच आमची समजूत होती.

मग त्या उन्हाळ्यात क्रेनचा दोर तुटला. वरचा एक आणि खालचा एक असे दोघे एकाच दगडाखाली गेले, आणि कोणाचं काय ते वेगळं करता येईना. मालकाने दोन्ही घरांना सारखंच दिलं, म्हणजे काहीच दिलं नाही. अशी पहिल्यांदा आम्हाला समान वागणूक मिळाली. त्या संध्याकाळी दोन्ही वस्त्या खडीच्या क्रशरपुढच्या मैदानात एकत्र बसल्या आणि ठरलं की या वेळी आपला एकच माणूस उभा करायचा.

तो माणूस म्हणजे भोंगा. खालचा, दगड भरणारा. त्याचा आवाज असा की क्रशर चालू असताना तो कुजबुजला तरी पलीकडे कळायचं, म्हणून भोंगा. परवाना मालकाला नको, कामगारांच्या सोसायटीला द्या, एवढं एकच वाक्य त्याने धरलं आणि गल्लोगल्ली ओरडत सुटला. आमच्यातला क्रशरवाला सगळ्यात आधी त्याच्या बाजूने उभा राहिला. "खालचा तर खालचा," तो म्हणाला, "वरच्याने आजवर काय दिवे लावले?"

मालकाचं पुढचं गणित आम्हाला माहीत होतं. उमेदवार मेला तर मतदान पुढे ढकलायचं, असा नियम आहे. परवान्याची मुदत मतदानानंतर लगेच संपत होती. मतदान लांबलं की जुनीच परिषद परवाना पुन्हा मालकाच्या हातावर ठेवणार. म्हणजे भोंग्याने फार काही करायचं नव्हतं, फक्त मतदानापर्यंत जिवंत राहायचं होतं.

आणि मला एवढंच पुरे नव्हतं. मला माझा धाकटाही परत हवा होता.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. मी कामावर असले की तो भोंग्याच्या आईजवळ असायचा. ती म्हातारी खडी फोडायची, सगळे तिला मावशी म्हणायचे. तिच्या टोपलीच्या सावलीत तो झोपायचा आणि उठला की तिच्या डब्यातलं खायचा. देव बाटेल वगैरे तेव्हा कुणाला सुचलं नाही. सुरुंगाच्या आवाजाने त्याचे कान ठणकायचे, म्हणून मी त्याला कोपरं कानांवर दाबायला शिकवलं. बाकी सगळे हात मानेवर बांधतात. तो चांगला बाप्या झाला तरी शिट्टी वाजली की कोपरांत कान घालून बसायचा, आणि पोरं त्याला सशा म्हणायची.

मग भोकं पाडायचं नवं यंत्र आलं आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांचं काम गेलं. धाकट्याचंही गेलं. भराईला अजून यंत्र आलं नव्हतं, म्हणून खालचे राहिले, इतकं ते सरळ होतं. पण मुकादमाने काढलेल्यांना एकेकटं गाठून सांगितलं की यंत्राला कशाला नावं ठेवता, खालच्यांना ठेवायचं म्हणून तुम्हाला काढलं. आता यंत्रावर माणूस किती दिवस चिडणार? माणसावर चिडणं सोपं जातं.

"त्या भोंग्याला मत देणार तू?" धाकटा मला म्हणाला. "आपला माणूस सोडून?"

"आपला माणूस कोण रे? मालकाचा मेव्हणा? त्याने तुला कधी जेवायला बोलावलं तर मलाही सांग, मी पण येते."

"चेष्टा करू नकोस ताई. ते लोक वाढतायत. उद्या ही खाण त्यांची होईल."

"आणि आज कुणाची आहे? तुझी?"

त्याने पाण्याच्या हंड्याला लाथ मारली. भरलेला हंडा होता, पाय त्याचाच दुखला. शहरात काम मिळालंय म्हणाला आणि कपडे पिशवीत कोंबून निघाला. मी दारातून ओरडले, "मतदानाला तरी ये."

"त्याच्या आधीच येईन," तो म्हणाला.

त्यानंतर मी रोज देवाकडे दोनच गोष्टी मागत होते, भोंगा मतदानापर्यंत जगू दे आणि धाकटा घरी येऊ दे. देवाने दोन्ही ऐकल्या. देवाला काही मागताना किती जपून मागावं लागतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमच्या वस्तीत आवई उठली की खालच्यांनी आमच्या देवळाची भिंत पाडली. ती भिंत कधीचीच तडकलेली, आमच्याच सुरुंगाने. पण भिंत बघायला कुणी गेलं नाही. लोक बाहेर येऊन एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, आणि तेवढ्यात मोठ्या रस्त्याने दोन ट्रक आले. मागे उभी माणसं, तोंडाला फडकी, हातात पहारी आणि कोयते, आणि तोंडी आमच्याच देवाचं नाव.

ते सरळ खालच्या वस्तीत घुसले. डबे भरून तेल आणलं होतं. पत्र्याच्या झोपड्या आतल्या लाकडासकट पेटल्या आणि पत्रे तापून वाकायला लागले. एक भराईवाला अंगावरच्या जळत्या सदऱ्यासह बाहेर पळाला. त्याला कोयत्याने मांडीवर मारलं आणि तो पडल्यावर पुन्हा मारलं, आणि मग तो हलायचा थांबला तरी मारलं. बायका पोरांना काखेत मारून धावत सुटल्या. कुठे धावणार? आयुष्यभर जिकडे धावल्या तिकडेच, आडोशाच्या भिंतीमागे. पोलीस चौकी रस्त्याच्या वळणावर आहे. तिथून आमच्या चुलीचा धूरसुद्धा दिसतो. त्या दिवशी त्यांना काही दिसलं नाही.

भोंगा मैदानात होता. तो घण उचलून वस्तीकडे धावला तेव्हा त्याच्या बायकोने त्याच्या कमरेला मिठी मारली आणि मी त्याच्या हातातला घण ओढला. आम्ही दोघींनी त्याला ओढत नेऊन सामानाच्या दगडी खोलीत ढकललं आणि मी कुलूप लावलं. तो आतून दारावर धडका देत होता. "ताई, उघड! माझी आई आहे तिकडे!"

"तू मेलास तर सगळेच मेले," मी म्हणाले. "गप बस."

"वहिनी, तू भिंतीमागे जा," असं मी त्याच्या बायकोला म्हणाले आणि ती गेली.

मावशी मात्र भिंतीमागे पोहोचली नव्हती. ती आपल्या खडीच्या ढिगाशी होती. तिचे गुडघे गेलेले, तिला धावता येत नव्हतं, म्हणून ती उभी राहिली होती. हातात तिची ती लहान हातोडी. जमाव भोंग्याला शोधत मैदानाकडे वळला आणि ती मध्ये आली. ती त्यांना त्यांच्या भाषेत, म्हणजे आमच्या भाषेत, तोडकंमोडकं म्हणत होती, "जा रे बाबांनो, घरी जा." हिरवं फडकं बांधलेल्या एकाने पहार उचलली आणि तिच्या डोक्यात घातली. आवाज झाला तो आम्ही रोज ऐकतो तसाच होता, दगड फुटल्यासारखा. ती खडीवर बसली आणि मग कलंडली. पहार धरायची त्या माणसाची पद्धत मला खटकली, एक हात खाली सरकवून, भोक पाडताना धरतात तशी. पण तेव्हा विचार करायला वेळ कुठे होता.

भराईवाल्यांतल्या दोघांनी धावत येऊन मावशीला उचललं आणि भिंतीमागे नेलं. जमाव माझ्यापुढे आला. आमचे वरचे क्रशरच्या चढावर उभे होते, हातात घण, पहारी, सगळं होतं. पण उभेच होते. मी ओळखत होते त्यांना, एकेकाला. मारणारे आपल्या देवाचं नाव घेत होते, आणि आपल्या देवाचं नाव घेणाऱ्यावर हात कसा उचलायचा, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मला त्यांची इतकी चीड आली की भीती वाटायची राहून गेली.

जमावाचा पुढारी जाडजूड होता, पायात चकचकीत बूट. आमच्या धुळीत तसे बूट एक तासही टिकत नाहीत. "बाई, तू आपल्यातली," तो म्हणाला. "किल्ली दे. तुला काही करणार नाही."

"मी तुझ्यातली कधीपासून? तुझ्या आईला विचारून ये."

त्याने मुठीने तोंडावर मारलं. दात पडला, मला तो जिभेवर लागला, आणि मी खाली पडले. त्याने माझ्या पोटात लाथ मारली आणि दोरीला हात घातला. आत भोंगा दार फोडत होता. मी पालथी झाले, किल्ली अंगाखाली दाबली आणि दोरीला दुसरं जे काही होतं ते तोंडात धरलं. मला काही सुचलं होतं असं कुणी समजू नये. मरताना माणूस जे हाताशी असतं ते धरतो. रक्ताने भरलेल्या तोंडाने मी फुंकलं, दोन आखूड.

चढावरचे सगळे वरचे बसले. भिंतीपलीकडून डोकी दिसत होती ती खाली गेली. पेटलेल्या वस्तीच्या कडेला पळणारी पोरं बसली. जो जिथे होता तिथे, डोकं गुडघ्यांत.

आणि जमाव उभा राहिला. भोवती सगळं मैदान खाली बसलेलं आणि मध्ये ते तेवढे उभे, त्या शहरातल्या नवरीसारखे, काय चाललंय न कळून इकडेतिकडे बघत. त्यांच्यातला एक हसायला लागला, "घाबरले बघ!"

क्रशरवाल्याने बसल्या बसल्या मान वर केली. त्याने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे आपले नाहीत," तो सावकाश म्हणाला. "एक जण बसला नाही. भाड्याने आणलेत."

तो चुकत होता. एक जण बसला होता. जमावाच्या दुसऱ्या रांगेत, हिरवं फडकं, पहार शेजारी टाकलेली, गुडघ्यांत डोकं. आणि कोपरं कानांवर.

मी ते बघितलं आणि तरीही तीन आखूड फुंकल्या. दुसरं काय करणार होते?

वरचे उठले ते घण घेऊनच. भिंतीमागून खालचे आले. पुढारी ट्रककडे पळाला; त्याला क्रशरवाल्याने पाठीत पहार मारली आणि तो चकचकीत बुटांसह खडीत तोंडावर आपटला, आणि मग बायकांनी त्याला दगडांनी ठेचलं. मी थांबवलं नाही. एकाच्या हाताचं मनगट घणाखाली गेलं. एक जण स्वतःच्याच तेलाच्या डब्यात पडून पेटला. ज्यांना जमलं ते एका ट्रकमध्ये कोंबून पळाले. दुसरा ट्रक आम्ही उलटवला. ज्या लोकांना एकमेकांशेजारी बसून जेवता येत नव्हतं, ते त्या दिवशी खांद्याला खांदा लावून माणसं मारत होते. मला त्याचा अभिमान वाटला. अजून वाटतो, आणि त्याची किळसही वाटते.

तो मात्र बसलेलाच होता. तीन आखूड ऐकूनही उठला नाही. लोक त्याच्याभोवती गोळा झाले. खालचे मावशीपाशी गेले, भिंतीशी. इथे गोळा झाले ते बहुतेक आमचेच होते. मी गर्दीतून आत गेले आणि त्याच्या तोंडावरचं फडकं ओढलं, आणि लोकांच्या तोंडून आवाज निघाला तो मला ऐकायचा नव्हता.

"धाकट्या," मी म्हणाले.

"ताई." त्याने डोकं वर केलं नाही. "मला फक्त भोंग्याचं सांगितलं होतं. मुकादमाने. भोंग्याला संपवलं की यंत्रावर घेतो म्हणाला. म्हातारी मध्ये का आली गं? मी तिला ओळखलंच नाही. मारल्यावर ओळखलं."

हे सगळ्यांनी ऐकलं. मला वेडीला वाटलं की मुकादमाचं नाव निघालं म्हणजे आता राग मुकादमाकडे जाईल. रागाला पाय असतात, पण तो लांब जात नाही, जवळचंच घर शोधतो.

"बाजूला हो ताई," क्रशरवाला म्हणाला. त्याच्या हातात घण होता आणि तो रडत होता. "आपल्यातला म्हणून सोडला असं उद्या खालच्यांनी म्हणायला नको."

"अरे, त्याला पोलिसांत द्या."

"कुठल्या पोलिसांत?" कुणीतरी विचारलं. एक दगड आला आणि धाकट्याच्या खांद्यावर बसला. तो हलला नाही. दुसरा दगड डोक्याला लागला. तो माझ्या लहानपणच्या सवंगड्याने मारला होता.

मी त्याच्या कानाशी वाकले. रस्त्याकडची बाजू मोकळी होती, ट्रक गेला ती. तिकडे गर्दी नव्हती. "पळ," मी म्हणाले. तो ऐकेना. कान कोपरांत. "पळ रे मूर्खा!" क्रशरवाल्याने घण उचलला. मग मी शिट्टी तोंडात घातली आणि जितका श्वास होता तितका घालून फुंकली.

एक लांब.

तो उठला. त्याने विचार केला नाही, कुणीच करत नाही, म्हणून तर आम्ही जगतो. लोक मागे सरकले, तेही अर्धवट वळले, आणि तो त्यांच्यामधून सुटला, लहानपणी सुटायचा तसा, मान खाली घालून. रस्ता डाव्या हाताला मोकळा पडला होता. तो उजवीकडे धावला. सरळ आडोशाच्या भिंतीकडे.

मी किंचाळले असेन. काय ते मला आठवत नाही. दाराच्या फटीतून भोंग्याला सगळं दिसत होतं आणि तो ओरडत होता, "मारू नका, त्याला मारू नका!" पण सामानाच्या खोलीच्या भिंती हातभर जाड आहेत. अख्ख्या खाणीतला सगळ्यात मोठा आवाज बाहेर आला तो मांजरीसारखा. आणि किल्ली माझ्या गळ्यात होती.

भिंतीमागे मावशी निजवलेली होती आणि तिच्याभोवती तिची माणसं. धाकटा भिंतीला वळसा घालून त्यांच्या मधोमध पोहोचला आणि सवयीने खाली बसला. मी तिथवर जाईपर्यंत त्यांचं काम झालं होतं. दगड भरणाऱ्यांचे हात, वेळ लागत नाही. कोपरं अजून कानांवर होती. ती मला सोडवून सरळ करावी लागली.

मी दार उघडलं तेव्हा भोंगा बाहेर आला, त्याने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. काय बोलला ते मी कुणाला सांगणार नाही.

दोघांना दोन वेगळ्या वाटांनी नेलं.

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. वस्तीतली शाळा अर्धी जळली होती, उरलेल्या अर्ध्या खोलीत पेटी मांडली. रात्रीत कुठून एवढे उगवले कोण जाणे, पोलीसही आले होते, इस्त्रीचे कपडे घालून. रांग शाळेपासून मैदानापर्यंत गेली होती. वरचे, खालचे, कुणाच्या हाताला चिंधी, कुणाच्या डोक्याला. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. मी आले म्हणून माझ्यापुढच्यांनी मान खाली घातली.

उमेदवाराच्या घरच्यांना पुढे घ्या म्हणून कुणीतरी कालवा केला आणि रांग वाकडी झाली. एका पोराएवढ्या पोलिसाने शिस्त लावायला शिट्टी मारली. दोन आखूड.

अख्खी रांग खाली बसली.

पोलीस घाबरून एक पाऊल मागे गेला. "ही काय भानगड?" असं त्याने विचारलं, पण त्याला उत्तर द्यायला कुणी डोकं वर काढलं नाही. उभी होते ती मी एकटीच, कारण खाणीत शिट्टी वाजवणारी शेवटी बसते. माझ्यापुढे सगळ्या माना उघड्या पडल्या होत्या. क्रशरवाल्याची मान, धुळीने पांढरी. धाकट्याच्या डोक्यात दगड मारणाऱ्या सवंगड्याची मान. त्याच्यापुढे खालच्यांतल्या त्या दोघांच्या, ज्यांच्या नखांत मी काल काय होतं ते बघितलं होतं. माझ्या पायाशी हातात मावेल असा दगड होता. आमच्याकडे दगडांना तोटा नाही.

मी त्या मानांकडे बराच वेळ बघत राहिले. तीन आखूड वाजल्याशिवाय कुणी उठणार नव्हतं, आणि पोलिसाला ते ठाऊक नव्हतं. मनात आलं, बसू देत. शाळा बंद होईपर्यंत बसू देत. मालकाला घेऊ दे त्याची खाण. माझा भाऊ घेतला ना तुम्ही, मग बसा.

पुढून भोंग्याच्या बायकोचा आवाज आला. डोकं गुडघ्यांतच होतं तिचं. "ताई," ती म्हणाली, "वाजव गं. माझे पाय भरून आलेत."

तिच्या सासूला माझ्या भावाने मारलं होतं. आणि ती मला वाजव म्हणत होती.

मी तीन आखूड वाजवल्या. दात पडलेल्या जागेतून वारा गेला आणि आवाज फाटका आला, पण सगळ्यांना कळला. सगळे उठले, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि रांग पुढे सरकली.

मत गुप्त असतं म्हणतात. माझं नाही. मी भोंग्याला दिलं, आणि देताना एक शिवी त्याला दिली, एक त्याच्या लोकांना, एक माझ्या लोकांना, एक मालकाला, आणि सगळ्यात मोठी त्याला, जो मोकळा रस्ता सोडून भिंतीकडे धावला. मीच शिकवलं होतं त्याला तिकडे धावायला.